चार बोटे कमी

मी, कुरोसे सावा, वय वर्षे ब्याऐंशी, राहणार नारुकावा, इवामीचा डोंगरपट्टा, शिमाने प्रांत, कुरोसे या तलवारीच्या तालमीच्या सातव्या गुरूंची मुलगी आणि आठव्या गुरूंची विधवा, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तशी परीक्षा घेतली. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाले. मी दोनपर्यंत गेले; पडताळा घेणारे डॉक्टर स्वतः एकोणऐंशीवर अडखळले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, कारण मला दडपू शकणारी माणसे सगळी आधीच स्मशानात गेली आहेत. माझ्या पश्चात माझ्या स्थावर-जंगमाविषयी आणि माझ्या तोंडाविषयी कोणी तंटा करू नये, म्हणून हे सर्व मी स्वतःच्या हाताने, शाई उगाळून लिहिले आहे.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असे नगरपालिकेतला कारकून म्हणाला. तरी मी दोन घेतले. आमच्या तालमीत एकट्याने केलेले काही धरत नाहीत. समोर कोणी उभे असल्याशिवाय वाराला वार म्हणायचे नाही, असे माझे वडील सांगत.

हे कागद न्यायालयात दाखवून झाल्यावर, माझ्या मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवशी, तालमीत सर्व शिष्यांसमोर पट्टशिष्य ओगिनो सेइजी यांनी मोठ्याने वाचावेत. माझी मुलगी चिगुसा समोर बसलेली असावी. ती आली नाही तर ती येईपर्यंत वाचन थांबवावे, मग वर्ष लागो. वाचताना काही गाळायचे नाही, आवाज खाली आणायचा नाही आणि सोयीच्या जागी खोकला आणायचा नाही. ओगिनो, हे तुझ्यासाठी लिहिले आहे. पुढे वाच.

कलम पहिले. राहते घर, मागची तालीम आणि त्यांखालची जमीन चिगुसाची. चतुःसीमा अशी: उत्तरेस देवळाची भिंत, पूर्वेस ओढा, दक्षिणेस निशिगोरींचे तोफूचे दुकान, पश्चिमेस भांडण. पश्चिमेच्या शेजाऱ्याने कुंपण हातभर आत घेतले आहे. मी एकोणीस वर्षे त्याच्याशी बोलत नाही. चिगुसाने बोलावे की नाही हे तिने ठरवावे, पण बोलल्यास हवापाण्यावर बोलू नये, थेट कुंपणावर बोलावे.

निशिगोरी उमे ही साक्षीदार आहे, त्यामुळे तिला काही ठेवणे बरे दिसत नाही. गेली तीस वर्षे तिने माझ्या मुळ्याच्या लोणच्याला खारट म्हटले आणि दर वेळी दुसऱ्यांदा वाढून घेतले. तिला मी काही देत नाही. फक्त कळवते की लोणच्याचे पिंप जिन्याखाली आहे आणि मागच्या दाराला कडी लागत नाही.

नगरपालिकेच्या सांस्कृतिक समितीला काहीही देऊ नये. त्यांनी मला 'जिवंत ठेवा' असे प्रशस्तिपत्र दिले होते. ते पत्र लोणच्याच्या दगडाखाली आहे. झाकण डगमगत होते, आता डगमगत नाही.

कलम दुसरे. लाकडी तलवारी, एकूण एकेचाळीस, चिगुसाला. दोन वर्षांपूर्वी ओबोनला, पितरांच्या सणाला, ती वडिलांच्या थडग्यावर पाणी घालायला आली होती. तालमीच्या उंबऱ्यापाशी उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "आई, तू गेल्यावर ही लाकडं माझ्या गळ्यात घालू नकोस हं. न्हाणीचा बंब पेटवीन मी त्यावर."

"ओकची आहेत," मी म्हटले. "चांगली जळतील."

"तुला राग नाही आला?"

"राग यायला काय झालं? पाणी तरी तापेल. इथे नुसती भिंत अडवून बसलीयत."

ती हसली, आणि मग हामादाची बस पकडायला गेली. तिथल्या मासळी बाजारात ती माकूळ निवडायचे काम करते. एका डोळ्याने, इतरांच्या दुप्पट वेगाने. तर तलवारी तिच्या. बंबात घालायच्या असल्यास माझ्या यजमानांच्या तलवारीपासून सुरुवात करावी. तिच्यावर एकही खाच नाही, छान सुकलेली आहे.

कलम तिसरे, यजमानांविषयी. माझ्या वडिलांना मुलगा नव्हता. म्हणून माझ्यासाठी घरजावई आणला: साकेच्या भट्टीवाल्याचा धाकटा मुलगा योहेइ. दिसायला उमदा, मान ताठ. त्याला कुरोसे हे आडनाव मिळाले, घराण्याच्या विद्येची गुंडाळी मिळाली आणि मी मिळाले, याच क्रमाने. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. गादीवर बसल्यावर त्यांना स्वर्ग दोन बोटे उरला.

ते कुठे चुकले हे समजायला आमची रीत माहीत हवी. आमच्याकडे सराव जोडीने, ठरलेल्या डावांनी चालतो. एकाने वार करायचा आणि हरायचे. दुसऱ्याने वार चुकवायचा आणि जिंकायचे. हरायचे कोणी, हे ठरलेले असते. जो मोठा, जो जाणता, तो हरतो. नवशिका जिंकतो. बाहेरच्यांना हे उलटे वाटते. पण वार म्हणजे काय हे ज्याला कळते त्यानेच तो करायला हवा, नाहीतर समोरचा चुकवायला शिकणार कशावर? माझे वडील चाळीस वर्षे रोज सकाळी पोरासोरांच्या हातून मेले आणि मग बसून लापशी प्यायले. हरणाऱ्याला एकच गोष्ट सांभाळायची असते: वार खरा हवा. कपाळावर म्हणजे कपाळावर. समोरचा हलला नाही तर लागलाच पाहिजे. वडील म्हणत, "वार होईपर्यंत वैरी, वार झाल्यावर लेकरू."

आमच्या यजमानांना हरणे जमले नाही. पहिल्या महिन्याच्या पोरासमोरही ते जिंकत्या बाजूला उभे राहत. मग हरायचे कोणी? मी. एकेचाळीस वर्षे तालमीतल्या प्रत्येकाकडून मी हरले, आणि गावाने त्यांना गुरुजी म्हटले. त्यांची तसबीर भिंतीवरून काढून माळ्यावर ठेवावी, आणि ठेवताना पूर्वेला ठेवावी. ती जिंकणाऱ्याची बाजू आहे. नाहीतर रुसतील.

पोस्टातली शिल्लक तालमीच्या छपराला लावावी. ईशान्येचा कोपरा गळतो.

कलम चौथे, ओगिनो सेइजी यांच्याविषयी. हा माणूस विसाव्या वर्षी आमच्याकडे आला. तीन वर्षे नुसती जमीन पुसली, कधी कुरकुर केली नाही. पुढे पट्टशिष्य झाला. यजमान गेल्यापासून तालीम तोच चालवतो. त्याच्याकडे आज साठ शिष्य आहेत. सगळ्यांचे कपडे पांढरेशुभ्र, वर्षातून एकदा फोटो, आणि फोटोत सगळे जिवंत.

त्या साठांपैकी एकालाही तलवार येत नाही. कारण ओगिनोचा वार समोरच्याच्या कपाळाच्या चार बोटे अलीकडे थांबतो. मी रोज कोपऱ्यात बसून बघते. मागच्या वसंतात एक शिष्य स्वप्नात असल्यासारखा जागचा हललाच नाही. त्याला काही लागले नाही. तो हसला. ओगिनोही हसला. माझ्या वडिलांच्या वेळी त्या दिवशी कोणी हसले नसते, आणि तो पोरगा जन्मभर पुन्हा झोपेत उभा राहिला नसता.

सराव संपल्यावर मी ओगिनोला बोलावले.

"काय रे, ही तालीम आहे की माशा हाकलतोस?"

"वय झालं, बाई. हात आखडतो आता."

"वयाने आखडलेला हात थरथरतो. तुझा थांबतो. मला हात ओळखता येत नाहीत असं वाटतं तुला?"

त्याने फडके ओले केले आणि जमीन पुसायला लागला. एकसष्ट वर्षांचा माणूस.

आमच्या तालमीत येताना अंगठा कापून शपथेखाली रक्ताचा ठसा द्यावा लागतो. शपथेत तीन ओळी आहेत. पहिली: इथले बाहेर बोलणार नाही. दुसरी: समोरच्याची कीव करून वार आखडणार नाही. तिसरी जमीन पुसण्याविषयी आहे. ओगिनोने तिसरी ओळ मनापासून पाळली. दुसरी तो बत्तीस वर्षे रोज सकाळी मोडतो. म्हणून मी लिहिते की हा माणूस या गादीला नालायक आहे. ओगिनो, तो शब्द पुटपुटू नकोस. मोठ्याने म्हण. शेवटच्या रांगेत म्हातारा इवाकी बसतो, त्याला कमी ऐकू येते.

मी या माणसाचा दुस्वास केला. नवीन वर्षाला सगळ्या शिष्यांना भात कुटून केलेली ताजी मोची दिली आणि याला वाळलेली दिली, बत्तीस वर्षे. त्याने ती दर वेळी दोन्ही हातांनी घेतली. त्याचा मला आणखी राग आला.

कलम पाचवे. आता मी त्याचा दुस्वास का केला, ते.

मी तेरा वर्षांची असताना सातव्या डावात माझे पाऊल उशिरा हलले. वडिलांची तलवार खांद्याच्या हाडावर बसली. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, पोटची पोर ती!"

"म्हणूनच," वडील म्हणाले. "आज मी चार बोटं आखडलो असतो, तर हिला चार बोटं खोटी शिकवली असती. पुढे कोणीतरी खरा वार केला असता, आणि ही रोजच्या जागी उभी राहून मेली असती."

ते हाड अजून थंडीत ठणकते. म्हणजे मला माहीत नव्हते, असे मी म्हणू शकत नाही.

माझी पहिली दोन मुले युद्धाच्या वर्षांत गेली. एक तापाने, एक नुसत्या उपासाने. युद्ध संपल्यावर वर्षाने, शोवा एकवीस साली, चिगुसा झाली. नवव्या वर्षी तिने अंगठ्याचा ठसा दिला. गुरूच्या मुलीने परक्या शिष्यांसमोर उभे राहायचे नाही, घरातल्याच माणसाबरोबर सराव करायचा, अशी यजमानांनी नवीनच टूम काढली. यजमान हरती बाजू घेत नसत. म्हणजे चिगुसासमोर वार करायला बारा वर्षे फक्त मी होते.

आणि मी चार बोटे आखडली.

पहिल्याच दिवशी. तिचे कपाळ एवढेसे होते. माझा हात तिथे थांबला, आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच थांबला. उद्यापासून खरा करीन, उद्यापासून, असे म्हणत बारा वर्षे गेली. बाजूने बघणाऱ्याला चार बोटे दिसत नाहीत. ती फक्त समोरासमोरच्या दोघांना कळतात, आणि तिला दुसरा वार माहीतच नव्हता. तिची पावले सुरेख पडत. सगळे वाखाणत. तिला माझ्या खोट्या वारापुरते हलायची सवय लागली होती, हे एकटी मी जाणत होते.

शोवा बेचाळीसच्या शरदात, म्हणजे बत्तीस वर्षांपूर्वी, देवळाच्या जत्रेला, देवासमोर सातवा डाव चिगुसाने करायचा ठरला. समोर ओगिनो. त्याला माझ्या जोडीने नुकतीच हरती बाजू मिळाली होती. यजमानांच्या मनात त्याला जावई करून घ्यायचे होते, आणि त्या दोघांच्या मनात काय होते ते सगळ्या गावाला दिसत होते. आदल्या दिवशी मी चिगुसाला एवढेच म्हटले, "उद्या जरा जास्त हल."

"जास्त म्हणजे किती?"

"जास्त," मी म्हटले. किती ते सांगायचे तर का तेही सांगावे लागले असते.

ओगिनोने वार केला. तसा सुंदर वार मी वडिलांनंतर पाहिला नव्हता. चिगुसा तिच्या रोजच्या जागी हलली. तलवार डाव्या डोळ्यावर बसली.

यजमान पायऱ्यांवरून ओरडले, "डोळे मिटले होतेस की काय? पाऊलच पडलं नाही तुझं!"

ती चेहरा हातांत धरून बसली होती. बोटांमधून रक्त येत होते. म्हणाली, "बाबा, मी जागेवरच होते हो. रोजच्याच जागेवर होते."

ओगिनो माझ्यासमोर गुडघ्यांवर पडला. "बाई, तुम्ही बघत होतात. माझा हात लांब गेला का? खरं सांगा. लांब गेला का?"

मी म्हटले, "मला दिसलं नाही."

एवढेच. तीन शब्द. मी पाच पावलांवर उभी होते आणि मला सगळे दिसले होते. त्याचा हात केसभरही लांब गेला नव्हता. पण 'नाही गेला' म्हटले असते तर पुढचा प्रश्न माझ्याकडे आला असता. मी मूग गिळून बसले. डोळा वाचला नाही. दवाखान्यात चिगुसाने विचारले, "आई, मी खरंच हलले नाही का गं?" तेव्हा मी तिला सफरचंद सोलून दिले.

तिच्या वडिलांच्या लेखी ती वेंधळी ठरली. ओगिनोच्या डोळ्याला डोळा देववेना म्हणून त्या हिवाळ्यात ती हामादाला गेली. आपला हात लांब जातो अशी ओगिनोची खात्री झाली. त्या दिवसापासून त्याने तो आखडला, आणि नेमका चार बोटे आखडला. माझेच अंतर त्याला न शिकवता आले. मी रोज कोपऱ्यात बसून माझीच चूक साठ जणांना शिकवली जाताना बघत होते आणि त्याचा राग त्याच्यावर काढत होते. त्याने लग्न केले नाही. वाळलेली मोची खाल्ली.

ओगिनो, आता तुझा आवाज फुटेल. पाणी पी, पण उठू नकोस. तू चुकला नव्हतास. तो वार खरा होता. वर जे नालायक लिहिले आहे ते तसेच राहू दे. बत्तीस वर्षे आखडलेला वार नालायकच असतो. पण ते तुला मी केले.

कलम सहावे. घराण्याची गुंडाळी, म्हणजे शिकवण्याचा हक्क, चिगुसाची. ती जाळली तर कोणी अडवू नये. ती ओगिनोला द्यावीशी वाटली तर आधी त्याचा वार तपासावा. चार बोटांचे मोल तुझ्याइतके कोणाला ठाऊक नाही, चिगुसा. ओगिनोसमोर तू उभी राहू नयेस. शेजारी बसून नवशिक्याच्या पावलाकडे बघ. पाऊल जिवाच्या भीतीने हलते की सवयीने, हे एका डोळ्यालाही दिसते. तुला यातले काहीच नको असेल तर तालमीला कुलूप घाल आणि किल्ली ओढ्यात टाक.

शिष्यांसाठी: उद्या सकाळपासून वार लागेल. ज्यांना नको त्यांनी येऊ नये. येतील त्यांनी आधी जमीन पुसावी.

माझ्या अंगठ्याचा ठसा असलेली शपथ देवघराच्या खणात आहे. दुसऱ्या ओळीवर मी काट मारली आहे. तो कागद माझ्याबरोबर जाळावा. अस्थी वडिलांच्या थडग्यात ठेवू नयेत. मला त्यांच्यासमोर लगेच जायचे नाही. यजमानांजवळ ठेवाव्यात. तिथे हरायची सवय आहे.

चिगुसा, तोंडाने सांगायला मी दर ओबोनला बसस्टॉपपर्यंत तुझ्याबरोबर यायचे. दर वेळी बस लवकर आली असे मी स्वतःला सांगितले. बस कधीच लवकर आली नाही. मला क्षमा मागायची नाही. क्षमा मागणे म्हणजे पुन्हा वार आखडणे, आणि मग तुलाच मला सावरावे लागेल. तुझा डोळा मी घेतला. ओगिनोने नाही, तुझ्या पावलाने नाही. तू बरोबर जागी उभी होतीस; ती जागा मी खोटी आखली होती.

डाव संपला की हरणाऱ्याने आधी मागे सरायचे असते, आणि जिंकणाऱ्याने तलवारीचे टोक खाली करेपर्यंत मान वर करायची नसते. मी मागे सरले आहे. टोक खाली करायचे की नाही, ते तुझे तू बघ. घाई नाही.

हा वार पुरा केला आहे. या वेळी चार बोटे राखलेली नाहीत.

लिहून ठेवणार: कुरोसे सावा (सही व शिक्का)

साक्षीदार पहिले: तोमोनागा काझुमा, नारुकावा देवळाचे पुजारी. वरील सही माझ्यासमोर झाली. शोवा बेचाळीसच्या जत्रेत माझे वडील पुजारी होते. पायऱ्या मी धुतल्या होत्या.

साक्षीदार दुसऱ्या: निशिगोरी उमे, तोफू विक्रेत्या. मजकूर वाचू नकोस असे सावाबाईंनी सांगितले होते. मी वाचला. लोणचे खारटच आहे.

स्थळ: नारुकावा, कुरोसे तालीम, हरत्या बाजूची चटई
दिनांक: हेइसेइ अकरा, दहावा महिना, सतरा तारीख